त्वचेवरच्या डागाची बायोप्सी: तुकडा काढण्यापासून रिपोर्ट वाचेपर्यंत

"डाग मला बरा वाटत नाही, बायोप्सी करून घेऊ," असं त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले की घरात दोनच प्रश्न फिरायला लागतात. कॅन्सर आहे का, आणि सुरी लावली तर पसरेल का? दुसऱ्याचं उत्तर लगेच देतो: बायोप्सीमुळे त्वचेचा कॅन्सर पसरतो हा समज खोटा आहे. पहिल्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळतं, पण तिथवर पोचेपर्यंत घोळ घालायला भरपूर जागा असते आणि ओपीडीच्या गर्दीत ते समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. माझ्या आत्याच्या टाचेवरच्या काळ्या डागाच्या निमित्ताने हा सगळा प्रकार मी जवळून पाहिला. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो. उपचार कोणते घ्यावेत हे मी सांगणार नाही. निदान पक्कं व्हावं म्हणून पेशंटच्या घरच्यांनी काय बघायचं, काय विचारायचं, एवढंच सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा तपासून निदान करणारा डॉक्टर, बहुतेक वेळा तुमचा डाग बघतच नाही, पेशंटलाही बघत नाही. त्याच्यापुढे येतो काचेवर चढवलेला साधारण ४ मायक्रॉन जाडीचा काप, म्हणजे ०.००४ मिलिमीटर. ४ मिलिमीटर रुंदीच्या तुकड्याचे अशा जाडीचे हजार काप पडतील; प्रत्यक्षात त्यातले मोजकेच काचेवर चढतात. त्यामुळे तुकडा डागाच्या कुठल्या भागातला, किती खोल घेतला आणि सोबतच्या कागदावर काय लिहिलं, यावर त्याचं मत ठरतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर तुम्ही लक्ष ठेवू शकता.

१. कुठला डाग दाखवायचा

सगळे तीळ काढून तपासत बसायचं नसतं. दोन अर्धी सारखी नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, आकार ६ मिलिमीटरच्या पुढे गेलाय, आणि मुख्य म्हणजे डाग बदलतोय: अशा डागाला वेळ न घालवता दाखवा. हे निकष सगळीकडे छापलेले असतात. आपल्याकडे त्यात आणखी काही गोष्टी धरायला हव्यात.

पहिली, तळपाय, तळहात आणि नखं. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत मेलानोमा (कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर) तसा कमी होतो, पण होतो तेव्हा त्यातला मोठा वाटा याच जागांचा असतो, आणि नेमक्या याच जागा कुणी बघत नाही. तळव्यावरचा काळा डाग कुरूप म्हणून वर्षानुवर्षं खरवडला जातो, नखाखालचा काळा पट्टा ठेच लागली म्हणून सोडून दिला जातो. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याचं असंच झालं होतं. फुटबॉलची दुखापत समजला गेलेला तो मेलानोमा निघाला आणि १९८१ साली वयाच्या ३६व्या वर्षी मार्ले गेला. नखातला काळा पट्टा रुंद होत असेल किंवा त्याचा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल, तर थांबू नका.

दुसरी, भाजल्याचे जुने व्रण. चुलीवर किंवा स्टोव्हने भाजलेल्या जागी कित्येक वर्षांनी न भरणारी जखम झाली तर तिच्यात स्क्वॅमस पेशींचा (कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कॅन्सर असू शकतो.

तिसरी, कमरेवरचा काच. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधलेल्या परकराच्या नाडीने किंवा धोतराने कातडी काळी पडते, जाड होते आणि क्वचित तिथे कॅन्सर होतो. धोतराच्या काचाचा हा कॅन्सर टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच लिहून ठेवला आहे. आजीच्या कमरेवरचं चिघळणारं "चट्टं" म्हणूनच एकदा नीट बघावं.

चौथी, चेहऱ्यावरची चकचकीत काळपट गाठ, जिच्यावर खपली धरते, निघते आणि परत धरते. आपल्याकडे बेसल पेशींचा (त्याच थराच्या तळाशी असलेल्या पेशींचा) कॅन्सर बऱ्याचदा असा काळपट असतो, म्हणून तो तीळ किंवा मस समजला जातो.

२. डागाला घरी हात लावू नका

बिब्बा, चुना-सोडा, घोड्याचा केस, मेडिकलमधली कुरुपाची पट्टी: सगळं बंद. बिब्ब्याने कातडी भाजते आणि भाजलेल्या जागेचा तुकडा घेतला की मूळ बिघाड कुठला आणि दाह कुठला हे काचेखाली वेगळं करणं कठीण होतं. पार्लरमध्ये किंवा छोट्या दवाखान्यात "लेझरने दोन मिनिटांत जाईल" म्हणतात, तिथे तर अजिबात नाही. जळून गेलेल्या तिळाची तपासणी होत नाही. काळा डाग कुणी काढणार असेल तर एकच प्रश्न विचारा: "काढलेला भाग हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवणार ना?" उत्तर नाही आलं तर उठून या.

३. बायोप्सीचा प्रकार आधी विचारा

आधी डर्मोस्कोपी झाली आहे का ते बघा. डॉक्टर भिंगाचं एक छोटं यंत्र डागावर टेकवून बघतात, दुखत नाही. तळव्याच्या कातडीवर बारीक उंचवटे आणि खाचा असतात. रंग खाचांमध्ये बसलेला असेल तर तो बहुधा साधा तीळ. रंग उंचवट्यांवर पसरलेला असेल तर संशय. कुठला उंचवटा ते ओळखायची खूणही आहे: घामाची छिद्रं उंचवट्यावर उघडतात, ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. आत्याच्या डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनवर हे दाखवलं. टाचेच्या एका बाजूला तपकिरी रेघा खाचांमधून सरळ चालल्या होत्या आणि मधोमध मात्र तोच रंग उंचवट्यांवर चढून ठिपक्यांच्या दोन्ही बाजूंनी पसरला होता. तुकडा तिथूनच घ्यायचा ठरला.

बायोप्सीचे चार प्रकार कानावर पडतील. शेव्हमध्ये वरवरचा पापुद्रा काढतात. पंचमध्ये गोल पात्याने २ ते ६ मिलिमीटर रुंदीचा तुकडा खोलवर घेतात. इन्सिजनमध्ये डागाचा काही भाग कापून घेतात, एक्सिजनमध्ये डाग सबंध काढतात.

मेलानोमाचा संशय असेल आणि जागा देत असेल, तर बारीक मोकळी कड ठेवून सबंध डाग काढणं सगळ्यांत चांगलं, कारण पुढचा हिशेब डागाच्या खोलीवर चालतो. वरवरच्या शेव्हमध्ये तळ कापला गेला तर ती खोली कायमची हरवते. डाग मोठा असेल किंवा टाच, नाक, पापणी अशी अडचणीची जागा असेल तर पंच किंवा इन्सिजन करतात, पण मग तो सगळ्यांत गडद किंवा उंच भागातून हवा. जुन्या व्रणातल्या जखमेचे तुकडे कडेवरून, खोल आणि एकापेक्षा जास्त जागांहून घेतात. जखमेच्या काठावरची कातडी नुसत्या दाहानेही इतकी वाढते की उथळ तुकड्यात ती कॅन्सरसारखी दिसते. कधी उलटंही होतं.

"डॉक्टर, डाग सबंध काढताय की थोडा? थोडा असेल तर कुठल्या भागातून?" एवढं विचारायला संकोच करू नका.

४. काय सांगायचं, काय सोबत न्यायचं

उपाशी जायची गरज नसते. भूल जागेपुरती, लिग्नोकेनची असते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेह, पेसमेकर, भुलेची अ‍ॅलर्जी, व्रण जाड होऊन वर येण्याची सवय, हेही सांगा.

सोबत हे असू द्या:

- आधीचे सगळे कागद. त्याच जागी पूर्वी काही काढलं असेल तर त्याचा रिपोर्ट
- डागाचे जुने-नवे फोटो, शक्य तर शेजारी पट्टी ठेवून काढलेले
- चालू औषधांची यादी
- आधार कार्ड आणि रेशन कार्ड (पुढे शस्त्रक्रिया लागली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, काय बसतं आणि काय नाही ते त्यालाच विचारा)
- मोकळी चप्पल, तळपायाची बायोप्सी असेल तर

नाव सगळीकडे एकसारखंच लिहायला लावा. आमच्याकडे आत्याचं एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं आडनाव होतं. पुढे लॅबकडे ब्लॉक (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) मागायला गेल्यावर खिडकीवरच्या माणसाने "ही एकच बाई कशावरून?" म्हणून परत पाठवलं.

५. बाटली

मोठ्या रुग्णालयात तुकडा परस्पर लॅबला जातो. लहान दवाखान्यात मात्र बाटली नातेवाइकाच्या हातात देतात: "अमुक लॅबला नेऊन द्या." इथे हे बघा.

बाटलीत १० टक्के फॉर्मालिन हवं, तुकड्याच्या निदान दहापट, आणि तुकडा पूर्ण बुडालेला हवा. सलाइनमध्ये किंवा नुसत्या पाण्यात नको, त्यात पेशी कुजायला लागतात. फ्रिजरमध्ये ठेवू नका, बर्फाच्या डब्यातही नको. गोठलं की पेशी फाटतात. झाकण घट्ट, वास घेऊ नका. (अंगावर फोड येण्याच्या काही आजारांत इम्युनोफ्लुरोसन्स नावाच्या चमकणाऱ्या रंगाच्या तपासणीसाठी वेगळा तुकडा वेगळ्या द्रावणात देतात. तो फॉर्मालिनमध्ये टाकायचा नसतो. दोन बाटल्या मिळाल्या तर कुठली कशासाठी ते विचारून घ्या.)

लेबल झाकणावर नको, बाटलीवर हवं. नाव, वय, तारीख, जागा, आणि डावी की उजवी. दोन डागांचे तुकडे असतील तर दोन बाटल्या.

सोबतचा फॉर्म वाचा. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. "स्किन बायोप्सी, टाच" एवढंच लिहिलेलं असेल तर परत नेऊन भरून घ्या. डाग किती वर्षांचा, केवढा, बदल कधीपासून, डर्मोस्कोपीत काय दिसलं, डॉक्टरांना संशय कशाचा, तुकडा सबंध डागाचा की भागाचा: इतकं हवंच. तळव्याचा तुकडा असेल तर उंचवट्यांची दिशाही कळायला हवी, कारण काप त्या रेघांना आडवा घेतला तरच उंचवटा आणि खाच वेगळी दिसते.

६. लॅबमध्ये काय होतं

तुकडा मोजतात, कडांना शाई लावतात, त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात, मायक्रोटोमवर काप घेतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिनने रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकी गुलाबी. आठवडाभर धरून चाला. मेणाचा तो चौकोनी ठोकळा म्हणजे ब्लॉक. तो लॅबमध्ये राहतो. रिपोर्ट हरवला तर दुसरी प्रत मिळेल, ब्लॉक हरवला तर काहीच उरत नाही.

टाके चेहऱ्यावरचे पाच-सात दिवसांत निघतात, तळपायाचे साधारण दोन आठवडे ठेवतात. टाके काढायला जाल तेव्हा रिपोर्ट तयार आहे का ते स्वतः विचारा. "काही असतं तर फोन आला असता" यावर विसंबू नका.

७. रिपोर्टमधले शब्द

आधी निरोगी कातडी कशी दिसते ते बघू. वरच्या थरात, एपिडर्मिसमध्ये, सगळ्यांत खालच्या रांगेत नव्या पेशी तयार होतात, वर सरकता सरकता चपट्या होतात, केंद्रक हरवतं आणि शेवटी कोंडा होऊन गळतात. त्या खालच्या रांगेत मधूनमधून रंग तयार करणाऱ्या मेलानोसाइट पेशी बसलेल्या असतात, साधारण दहाला एक. एपिडर्मिसच्या खाली डर्मिस. दोघांमध्ये एक पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. पुढची बहुतेक वाक्यं याच मांडणीत काय बिघडलं ते सांगतात.

*अ‍ॅक्टिनिक केराटोसिस.* उन्हात आयुष्य गेलेल्यांच्या कपाळावर, टकलावर, कानांवर खरखरीत खपल्या येतात त्या. सूक्ष्मदर्शकाखाली एपिडर्मिसच्या खालच्या भागातल्या पेशी वेड्यावाकड्या, केंद्रकं मोठी आणि गडद. केसांच्या आणि घामाच्या छिद्रांपाशी मात्र कातडी चांगली राहते, त्यामुळे वरच्या कोंड्यात गुलाबी आणि निळ्या पट्ट्यांची आलटूनपालटून रांग दिसते. खाली "सोलर इलॅस्टोसिस", म्हणजे उन्हाने खराब झालेले तंतू. हा कॅन्सर नव्हे. पण यातले काही पुढे स्क्वॅमस पेशींच्या कॅन्सरकडे जातात, म्हणून उपचार करतात आणि लक्ष ठेवतात.

*बोवेन्स डिसीज किंवा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा इन सिटू.* तोच बिघाड, पण एपिडर्मिसच्या पूर्ण जाडीत, पडदा शाबूत.

*इन्व्हेजिव स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.* पेशी पडदा ओलांडून खाली उतरल्या. "केराटिन पर्ल्स" म्हणजे पेशींच्या गोलाकार पुंजक्यांत साठलेलं केराटिन, म्हणजे नखा-केसांत असतं ते कडक प्रथिन. "पेरिन्यूरल इन्व्हेजन प्रेझेंट" असं लिहिलं असेल तर पेशी मज्जातंतूच्या कडेने सरकल्या आहेत. हे डॉक्टरांसमोर आवर्जून काढा.

*बेसल सेल कार्सिनोमा.* निळसर पेशींची बेटं. बेटाच्या कडेच्या पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने उभ्या; त्याला "पेरिफेरल पॅलिसेडिंग" म्हणतात. बेट आणि आजूबाजूचा भाग यांत फट पडलेली असते. हा लांब पसरण्याचं प्रमाण फारच कमी, पण जागेवर पोखरत जातो.

*मेलानोमा.* इथे एकाच खुणेवर निकाल लागत नाही. मेलानोसाइट पेशी झुपक्यांऐवजी एकेकट्या आणि खालच्या रांगेत दाटीने; त्यातल्या काही वरच्या थरांत चढलेल्या, त्याला "पॅजेटॉइड स्प्रेड" म्हणतात; डागाची एक बाजू दुसरीसारखी नाही; कड कुठे संपते ते स्पष्ट नाही; खोल गेल्यावर पेशी लहान होत नाहीत, साध्या तिळात त्या होतात. हे सगळं एकत्र बघून ठरवतात. आणि तळव्यावर एक मोठा खड्डा आहे: तिथल्या निरुपद्रवी तिळातही पेशी वर चढलेल्या दिसू शकतात. म्हणून तळव्याच्या छोट्या तुकड्यावर ठाम मत द्यायला अनुभवी पॅथॉलॉजिस्टही कचरतात.

आत्याच्या पंच बायोप्सीचा रिपोर्ट आला तो "अ‍ॅटिपिकल मेलानोसाइटिक प्रोलिफरेशन, क्लिनिकल कोरिलेशन अँड कम्प्लीट एक्सिजन अ‍ॅडव्हाइज्ड". घरात निम्म्यांनी "कॅन्सर लिहिलेलं नाही" म्हणून पेढे आणायचे बाकी ठेवले, निम्म्यांनी रडायला घेतलं. अशा वाक्याचा अर्थ इतकाच असतो की या तुकड्यावरून ठरत नाही, सबंध डाग द्या. त्यात सुटका नसते, शिक्काही नसतो. सबंध काढल्यावर उत्तर आलं: अ‍ॅक्रल मेलानोमा इन सिटू. अ‍ॅक्रल म्हणजे तळवे-नखांच्या जागचा, इन सिटू म्हणजे पेशी अजून पडद्याच्या वरच होत्या.

मेलानोमा पडद्याखाली उतरला असेल तर रिपोर्टमध्ये हे रकाने शोधा:

- ब्रेस्लो थिकनेस, म्हणजे मेलानोमा किती खोल उतरला ते, मिलिमीटरमध्ये. पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७०मध्ये मांडली आणि अजून तीच चालते. १ मिलिमीटरपर्यंत टी१ हा टप्पा, २ पर्यंत टी२, ४ पर्यंत टी३, त्यापुढे टी४. ०.८ मिलिमीटरच्या पुढे डॉक्टर बहुधा सेंटिनल नोडची (कॅन्सर पसरला तर सगळ्यांत आधी जिथे पोचतो त्या लसिका गाठीच्या तपासणीची) चर्चा काढतात.
- अल्सरेशन, म्हणजे डागावरची कातडी फुटलेली, आहे की नाही. असेल तर टप्पा वरचा धरतात.
- माइटोसिस, विभागणाऱ्या पेशींची संख्या.
- मार्जिन्स, बाजूचे आणि तळाचे. "इन्व्हॉल्व्ह्ड" म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत पेशी आहेत, "फ्री" म्हणजे नाहीत. सोबत अंतर दिलेलं असावं.

इन सिटू असेल तर ब्रेस्लोचा रकाना रिकामा असतो. ती चूक नव्हे.

८. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री सांगितली तर

यात कापांवर अँटिबॉडी लावून पेशी कुठल्या प्रकारच्या आहेत ते ओळखतात. याला वेगळे पैसे आणि आणखी काही दिवस लागतात. एस-१००, एसओएक्स-१०, मेलान-ए, एचएमबी-४५ ही नावं दिसतील. पेशी मेलानोसाइट घराण्यातल्या आहेत का ते यातून कळतं. निव्वळ "एस-१०० पॉझिटिव्ह" वाचून हातपाय गाळू नका, साधा तीळही पॉझिटिव्ह येतो. सावळ्या त्वचेत एक तांत्रिक अडचण असते: या तपासणीचा नेहमीचा रंग तपकिरी आणि मेलानिन, म्हणजे कातडीतलं रंगद्रव्य, तेही तपकिरी. म्हणून गडद डागांत लाल रंग वापरतात किंवा आधी मेलानिन फिकं करून घेतात. लॅबला विचारलंत तर ते रागावत नाहीत, उलट जरा खूश होतात.

९. दुसरं मत

मेलानोमा किंवा "अ‍ॅटिपिकल" असा शब्द आला तर त्वचेच्या किंवा कॅन्सरच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या माणसाकडून स्लाइड पुन्हा बघून घ्या. पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. बहुतेक मोठी कॅन्सर रुग्णालयं, परळचं टाटा मेमोरियल धरून, बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक मागवूनच पुढे जातात. कागदी रिपोर्ट किंवा मोबाइलवरचा फोटो पुरत नाही.

लॅबला लेखी अर्ज द्या: रंगवलेल्या स्लाइड आणि ब्लॉक, पुढील उपचारासाठी. पेशंट स्वतः नसेल तर त्याची सही आणि ओळखपत्राची प्रत. हातात घेताना प्रत्येक ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी जुळवा, ए१, ए२ अशी पिल्लंसुद्धा. काचा प्लॅस्टिकच्या स्लाइड-डबीत, ब्लॉक वेगळ्या डबीत. मे महिन्यात गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, आत मेण आहे. तिकडे जमा केल्यावर पोच घ्या, आणि काम झालं की परत मागा. मागितल्याशिवाय येत नाहीत.

दोन मतं वेगळी आली तर तिसरीकडे धावण्याआधी दोन्ही पॅथॉलॉजिस्टना एकाच स्लाइड दिसल्या होत्या का ते बघा. पुष्कळदा दुसऱ्याने ब्लॉकमधून आणखी खोल काप घेतलेले असतात.

१०. रिपोर्टनंतर

इन सिटू मेलानोमाला डागाभोवतीची साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर चांगली कातडी घेऊन पुन्हा काढतात. १ मिलिमीटरपर्यंतच्या खोलीला १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरच्या पुढे २ सेंटिमीटर. डाग गेला तरी हे का, असं घरचे विचारतात. कडेच्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून. टाचेवर कातडी कमी, त्यामुळे कलम लावावं लागू शकतं आणि काही आठवडे त्या पायावर भार देता येत नाही. घरात कमोड आहे का, जिने किती आहेत, रात्री सोबतीला कोण, याची सोय शस्त्रक्रियेच्या आधी करून ठेवा.

पुढच्या तपासण्यांत डॉक्टर जुनी जागा, जांघेतल्या गाठी आणि बाकीची सगळी कातडी बघतात. मधल्या काळात घरी महिन्यातून एकदा दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघा. वयस्कर माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही, घरातल्या कुणीतरी बसून बघायचं. नखांवरचं पॉलिश आणि मेंदी मात्र तपासणीच्या आधी उतरू द्या. आत्या नेमकी संक्रांतीचं हळदीकुंकू उरकून लाल नखांनी गेली, तेव्हा डॉक्टरांनी आधी रिमूव्हरच मागवलं.